निवळणकाळ

तळेगिरीच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात शिरलं की डाव्या हाताला इंग्रजांच्या काळातली मुतारी, उजव्या हाताला स्वातंत्र्यानंतरचा झेंड्याचा चौथरा आणि समोर निवळण कायद्यानंतरचा गढूळांकाचा फलक लागे. तिन्हींपैकी आधी कुठे धावायचं हे ज्याच्या त्याच्या निकडीवर होतं. पण पक्षकार बहुतेक फलकाकडेच धावत.

पावसाळ्यात वर्तमानपत्रं धरणांचे पाणीसाठे छापतात, तसा तो फलक खटल्यांचे गढूळांक दाखवी. चौकाच्या नावाचा वाद, त्रेसष्ट. माजी नगराध्यक्षांच्या पुतळ्याच्या नाकाचा वाद, अकरा. पिंपळदऱ्याच्या मानाच्या काठीचा वाद, अठ्ठेचाळीस. एखाद्या प्रकरणावरून लोक किती खवळलेत त्याचा हा आकडा. शंभर म्हणजे दगड हातात. शून्य म्हणजे असं काही प्रकरण आहे हेच कुणाच्या गावी नाही. आकडा दहाच्या खाली आल्याशिवाय न्यायाधीशांनी फाईल उघडायची नाही, एवढंच कायद्याचं म्हणणं होतं. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही तसा खवळलेल्या गावात न्याय दिसत नाही, असं कायद्याच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं आणि ते ऐकून विधानसभेत दोन्ही बाजूंनी बाकं वाजवली होती. पूर्वी कोर्टात तारीख पडायची. आता तारीख पडत नसे, नुसती वाट बघायची असे. या दोहोंतला फरक वकील मंडळी पक्षकारांना अजून समजावून सांगत होती.

फलकासमोरच्या चहाच्या टपरीवर पुष्करराव हुपरीकर रोज सकाळी अकराला येऊन बसत. चाळीस वर्षं त्यांनी याच कोर्टात दिवाणी वकिली केली आणि बहुतेक दावे हरले. त्या चाळिसांतल्या शेवटच्या काही वर्षांपासून ते ‘दैनिक गिरिवार्ते’त दर रविवारी ‘कोर्टाची पायरी’ हे सदर लिहीत होते आणि त्यात मात्र ते कधी हरले नव्हते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पुष्कररावांनी चढायचं सोडून तिच्यावरच बैठक मारली होती. निकालपत्रं, हक्कांची भांडणं, कुणी कुणावर काय म्हणून दावा ठोकला, हे सगळं ते इतक्या गंभीर चेहऱ्यानं उलगडून सांगत, की रविवारी जिल्ह्यातल्या घराघरांत आधी हसू फुटे आणि मग भांडण.

जूनमधल्या एका सोमवारी ते बशीत चहा ओतत असताना त्यांचा बाक हलला. बाकावर त्यांच्याखेरीज दोन वकील आणि एक कारकून बसले होते, तरी हलला; चांगला हातभर सरकला. पलीकडे पन्नाशी ओलांडलेली एक बाई उभी होती. मान, खांदे, दंड सगळं एकाच दगडातून काढल्यासारखं.

“वाटंत हुता,” ती बाकाबद्दल म्हणाली. “पुष्करकाका तुमीच न्हवं? मी ऋतुजा शेलार. पिंपळदऱ्याची. काठीची.”

नऊ वर्षं जिच्यावर लिहिलं ती नायिका अशी समोर उभी राहिल्यावर पुष्कररावांचा चहा बशीतून खाली गेला.

“अहो बसा, बसा! तुमच्यावर मी नऊ लेख लिहिलेत. नऊच्या नऊ तुमच्या बाजूनं!”

“वाचल्यात. लई हसाय येतं.” बाई बसली नाही. “आता लिवू नका. तेवढंच सांगाय आल्ये.”

पिंपळदऱ्याची काठी जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होती. चैत्रात गिरजाईच्या यात्रेला पस्तीस फुटी बांबूची, रंगीत पागोट्यांनी मढवलेली काठी देवळाभोवती फिरते. ती कमरेच्या पट्ट्यात रोवून उभी धरायचा मान शेलारांच्या घराकडे. काठी कलू नये म्हणून तिच्या शेंड्याला चार दोर बांधतात आणि चौघं जण ते चार बाजूंनी ताणून धरतात. पुढचा दोर धरायचा मान यात्रा समितीच्या अध्यक्षांचा, म्हणजे विश्वजिततात्या मोरे यांचा. तात्यांनी ऋतुजाच्या बापाच्या काठीचा दोर एकतीस वर्षं धरला. मग बाप वारला. घरात एकटी ऋतुजा उरली आणि ती म्हणाली, काठी मी धरणार. तात्या म्हणाले, बाईनं काठी धरलेली देवीला चालायची नाही. ऋतुजानं विचारलं, देवी बाप्या हाय का? हे वाक्य पुष्कररावांनी मथळ्यात घेतलं आणि तिथून जिल्हा दुभंगला. दावा दाखल झाला, गढूळांक एक्याऐंशीवर गेला, आणि शेलारांखेरीज कुणी उचलायची नाही म्हणून काठी नऊ वर्षं शेलारांच्या सोप्यात आडवी पडून राहिली.

“पण मी थांबून काय होणार?” पुष्कररावांनी विचारलं.

“ते अल्फियाबाईस्नी इचारा. त्यांनीच धाडलंय.”

डॉ. अल्फिया मुजावर या निवळण केंद्राच्या प्रमुख. केंद्र आवारातच, जुन्या रेकॉर्ड रूममध्ये होतं. जगातला पहिला निवळणकाळ याच बाईंनी मोजला, असं त्यांच्या दारावरची पाटी सांगत होती, आणि पाटीखाली चपला काढायची सूचना होती.

“काका, रेडियम माहितीय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“आजोबांच्या घड्याळात होतं. अंधारात चमकायचं.”

“तेच. रेडियमचा तुकडा ठेवून दिला की ठरावीक काळात त्यातलं निम्मं विरतं. पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्यातलं निम्मं, मग त्यातलं निम्मं. तुकडा मोठा असो की लहान, निम्मं व्हायला लागणारा काळ तोच. मी त्यावर प्रबंध लिहीत होते आणि आमच्या गल्लीत पाण्याच्या टाकीवरून भांडण चाललं होतं. ते ऐकता ऐकता लक्षात आलं, की राग तसाच विरतो. प्रत्येक वादाचा निम्मं व्हायचा काळ ठरलेला असतो. त्याला मी निवळणकाळ म्हणते.”

“राग मोजता कसा?”

“माणूस रागावला की तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. टपऱ्या, सलून, एसटी स्टँड, सगळीकडे आमचे कानोसे बसवलेत.” त्यांनी टेबलावरची लिंबाएवढी काळी डबी दाखवली. “कोण बोललं ते कानोसा नोंदवत नाही. कुठली गोष्ट दिवसात किती वेळा सांगितली गेली, तेवढंच मोजतो. क्रिकेटच्या संघनिवडीचा राग साडेतीन दिवसांत निम्मा होतो. मंत्र्याच्या विधानाचा नऊ दिवसांत. लग्नातल्या पंगतीत वाढायला विसरले, त्याचा अकरा वर्षांत.”

“आणि शेताच्या बांधाचा?”

“तो अजून मोजतोय.”

मग त्यांनी भिंतीवर काठीच्या खटल्याचा आलेख लावला. नऊ वर्षांत नऊ डोंगर.

“या खटल्याचा निवळणकाळ चौदा महिने. यात्रा येते बारा महिन्यांनी. म्हणजे निम्मा व्हायच्या आत राग पुन्हा ढवळला जातो. तरी नुसत्या यात्रेनं आकडा पाच-सहानंच चढतो. एवढ्यावर तो कधीच दहाखाली आला असता. पण हे डोंगर बघा, काका. सगळे रविवारी सुरू होतात.”

पुष्करराव आलेखाजवळ गेले. त्यांनी चष्मा पुसला. पहिला डोंगर ‘देवी बाप्या हाय का?’चा. तिसरा, ज्यात त्यांनी तात्यांच्या मिशीची लांबी-रुंदी दिवाणी दाव्याच्या भाषेत दिली होती, त्याचा. एकेक लेख तीस-तीस अंकांचा.

इतकी मोठी पावती त्यांना उभ्या जन्मात कुणी दिली नव्हती. चेहरा त्यांनी शरमल्यासारखा केला. पण आलेखाची एक प्रत मिळेल का, हे ओठांवर येऊन राहिलं होतं.

“पण मी तर बाईंच्याच बाजूनं लिहितो,” ते म्हणाले.

“म्हणूनच तर,” अल्फिया म्हणाल्या. “तुमच्या लेखानं त्यांची बाजू भक्कम होते आणि खटला उघडतच नाही.”

ऋतुजा त्यांच्याबरोबर आली होती आणि दाराशी उभी होती. आता तिनं उजवा हात वर उचलला. तो कानापर्यंत आला आणि तिथंच अडला.

“बाईंनी रागाचा काळ मोजला. आता माजा मोजा. तिरताळिसाव्या वर्साला परड्यात सरावाची काठी घिऊन मी पाच फेऱ्या मारायची. अवंदा दोनच झाल्या. पुढल्या चैताला एक हुईल. त्याच्या पुढल्या चैताला न्हाई व्हायची.” तिनं हात खाली घेतला. “एकच फेरी पायजे, काका. पर पुरी, आनि देवळाभवती.”

चैत्राला दहा महिने होते.

पुष्कररावांनी तिथल्या तिथं लेखणी म्यान केली. काठीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून त्यांनी पुढचे चार रविवार भाजीबाजारातल्या छत्र्यांच्या दाव्यावर घालवले. पाचव्या सोमवारी फलकावर काठीचा आकडा एकाहत्तर होता.

“हे कसं?” त्यांनी केंद्रात धावत जाऊन विचारलं.

अल्फियानं कानोशांचा गोषवारा पुढे केला. जिल्हाभर एकच वाक्य घुमत होतं: पुष्करराव काठीवर गप्प का? कुणी म्हणत होतं, दबाव आला. कुणी म्हणत होतं, तात्यांच्या माणसांनी घरी जाऊन दम दिला. कऱ्हाड रस्त्यावरच्या एका सलूनमध्ये तर पुष्कररावांना उचलून नेल्याचंही पक्कं कळलं होतं. स्वतः पुष्करराव त्याच सलूनमध्ये शनिवारी दाढी करून आले होते.

“म्हणजे लिहिलं तरी खवळतात, नाही लिहिलं तरी खवळतात. मग करू काय?”

घरी त्यांनी हाच प्रश्न पत्नीला विचारला. मृण्मयीबाई स्वयंपाकघरात पिंपातल्या पाण्यात तुरटी फिरवत होत्या. नळाला नवं पाणी आलं होतं आणि ते चहासारखं दिसत होतं.

“अहो, पाणी ढवळूही नये आणि नुसतं ठेवूनही भागत नसेल, तर तुरटी फिरवावी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही लिहा, पण कंटाळवाणं लिहा. तुमच्या निवृत्तीच्या समारंभात केलंत ना भाषण, तसं.”

पुष्करराव दुखावले. पण रात्रीच्या जेवणाआधी कागद घेऊन बसले.

विनोदी माणसाला कंटाळवाणं लिहिणं किती अवघड जातं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पहिल्या खर्ड्यात दुसऱ्याच ओळीला तात्यांची मिशी आली. खोडली. दुसऱ्या खर्ड्यात देवीनं प्रतिज्ञापत्र दाखल केलं. फाडला. शेवटी त्यांनी माळ्यावरून सरकारी परिपत्रकांचा गठ्ठा काढला, आठवडाभर त्याचं पारायण केलं आणि मग शाई उतरली:

‘प्रस्तुत प्रकरणाचा साकल्याने विचार करता असे निदर्शनास येते की, सदर प्रकरणास अनेक बाजू असून त्यांपैकी काही बाजू या एका बाजूच्या, तर काही दुसऱ्या बाजूच्या आहेत. तथापि, उभय बाजूंच्या या बाजूंकडे कोणत्याही एका बाजूने पाहणे हे समतोलाच्या दृष्टीने उचित होणार नाही, ही बाब येथे नमूद करणे क्रमप्राप्त ठरते.’

मृण्मयीबाईंनी हातात कागद घेतला. लग्न झाल्यापासून पुष्कररावांचं प्रत्येक लिखाण आधी त्या वाचत. पहिला परिच्छेद त्यांनी सरळ बसून वाचला. दुसऱ्याला पाठ टेकली. तिसऱ्याच्या मध्यावर त्यांनी तोंडाशी पदर नेला आणि जबडा दुखेल अशी जांभई दिली.

“तिसऱ्याला आली,” पुष्करराव आनंदून म्हणाले. “पाठवू?”

“पाठवा. मी पडते जरा.”

तोच दंडक ठरला. मृण्मयीबाईंना तिसऱ्या परिच्छेदापर्यंत जांभई आली तर लेख छापायला योग्य. चौथ्यावर गेली तर परत खोडाखोड.

पहिल्या रविवारी संपादकांना दोनशे संतप्त पत्रं आली. दुसऱ्या रविवारी चाळीस. तिसऱ्या रविवारी एक आलं, त्यात पुष्कररावांच्या प्रकृतीची चौकशी होती. लोक सदर उघडत, काठीचा उल्लेख बघत, दोन ओळी वाचत आणि त्यांच्या मनात काठी व कंटाळा यांची गाठ पडे. पुढे पुढे कुणी टपरीवर काठीचा विषय काढला, की ऐकणाऱ्याचे डोळेच जड होत. तेवीस दिवसांत एकाहत्तरचे पस्तीस झाले. आणखी तेवीस दिवसांत अठरा. सप्टेंबरअखेर आकडा दहाखाली उतरून हिरवा झाला: आठ पूर्णांक नऊ.

अल्फिया मुजावर पेढे घेऊन घरी आल्या.

“काका, हा शोध आहे! निवळणकाळ कशानंही बदलत नाही असं मी पुस्तकात लिहिलंय. तुम्ही चौदा महिन्यांचा तेवीस दिवसांवर आणलात. अशा पदार्थाला नाव द्यायला हवं. निवळक.”

“म्हणजे तुरटी,” मृण्मयीबाई म्हणाल्या.

“हो काकू. जगातली पहिली माणूस-तुरटी.”

खटला उघडला आणि चार बैठकांत संपला. न्यायाधीश शांत होते, वकील शांत होते, प्रेक्षकांच्या बाकावर एक मांजर होतं. डिसेंबरात निकाल लागला: काठीचा मान शेलारांच्या घराचा, आणि ऋतुजा शेलार हेच ते घर. निकालपत्र इतकं स्वच्छ, इतकं मुद्देसूद होतं, की चाळीस वर्षं वकिली केलेल्या पुष्कररावांचे डोळे भरून आले. असे निकाल लागत असते, तर ते वकिलीतही रमले असते.

महिन्याभरात मंत्रालयातून पत्र आलं. जनक्षोभ निवारण विभागानं पुष्करराव हुपरीकरांना ‘राज्य निवळक’ हा किताब, शाल आणि श्रीफळ दिलं होतं, आणि सोबत वर्षानुवर्षं तुंबलेल्या सतरा प्रकरणांची यादी जोडली होती. त्यांतल्या एका प्रकरणात डोंगरवाड्यांवरच्या सात शाळा बंद करण्याला आव्हान होतं. एकात दोन तालुक्यांच्या पाण्याचा वाटा होता. एकात एका दवाखान्यात दगावलेली अकरा माणसं होती. या सर्व ठिकाणी न्याय केवळ लोकांच्या रागामुळे अडला आहे, तरी आपल्या सिद्धहस्त लेखणीने, वगैरे.

पुष्करराव सुखावले. आठवड्याचं सदर रोजचं झालं. हात बसला होता. आता खर्डाही लागत नसे. सकाळी लेख, मृण्मयीबाईंची जांभई, दुपारी झोप. फलक हिरवा होत चालला. कोर्टात खटले भराभर निकाली निघत होते. ते कुणाच्या बाजूनं निघाले, हे पुष्कररावांनी सुरुवातीला दोन-तीनदा बघितलं. मग राहून गेलं. जिल्हा इतका शांत कधी नव्हता. टपरीवाला म्हणे, काका, पूर्वी माणसं भांडता भांडता चार चहा प्यायची, आता एकात उठतात.

चैत्रात पुष्करराव, मृण्मयीबाई आणि अल्फिया यात्रेला पिंपळदऱ्याला गेले. मृण्मयीबाईंचा गुडघा भरून आला म्हणून त्या देवळाच्या ओवरीत टेकल्या. माळावर पाळणे फिरत होते, भेळेच्या गाड्यांना गर्दी होती, सगळ्यांचे चेहरे आनंदी. मागल्या नऊ यात्रांना इथं पोलिसांच्या दोन गाड्या उभ्या असत. यंदा एकच हवालदार होता आणि तो कुल्फी खात होता.

देवळासमोर ऋतुजा शेलार काठीपाशी उभी होती. नवं लुगडं, कमरेला बापाचा कातडी पट्टा. पागोट्यांनी मढवलेली काठी जमिनीवर आडवी होती आणि तिच्या शेंड्याचे चार दोर मातीत पसरले होते. कर्ण्यावरून तीनदा पुकारा झाला: मानाच्या काठीच्या दोरकऱ्यांनी देवळासमोर यावे. कुणी विरोध केला नाही. कुणी आलंही नाही.

“सकाळधरनं उभी हाय,” ती म्हणाली. “त्या आदी घरोघर जाऊन आले, काका. न्हाई कुनी म्हनत न्हाई. ‘येतो की’ म्हनत्यात आनि पाळण्याकडं जात्यात. माज्या बाजूनं धा वर्सं दगड खाल्लेली मान्सं! त्यास्नी आठवतच न्हाई आपुन कशापाय भांडत हुतो.”

“मी बघतो,” म्हणून पुष्करराव गर्दीत शिरले. भेळेच्या गाडीपाशी एक चाळिशीतले, चष्मेवाले गृहस्थ उभे होते.

“अहो, जरा दोर धरता का? ऋतुजाबाई खटला जिंकल्यात.”

“हो का? छान झालं.” गृहस्थ मनापासून हसले आणि भेळ चमच्यानं कालवत राहिले.

“आपण गावातलेच?”

“वरच्या वाडीवर शिक्षक होतो. शाळा बंद झाली ती. सातांतली.”

पुष्कररावांना यादी आठवली. तिसरा क्रमांक. नऊ लेख.

“मग? त्या पोरांचं काय झालं?”

“काही नाही. निकाल लागला ना. आता बसतात घरी.” गृहस्थांनी जरा विचार केल्यासारखं केलं, पण विचार आला नसावा. “पूर्वी मी फार धडपडायचो त्यावर. उपोषणबिपोषण. भेळ घेता?”

ते इतके गोड बोलत होते, की पुष्करराव भेळ न घेताच मागे वळले. परत येताना त्यांच्या डोळ्यांपुढे पिंप उभं राहिलं. तुरटी फिरवली की गाळ तळाला बसतो हे खरं. पण गाळाबरोबर पाण्यातलं आणखी काय काय तळाला जात होतं, ते घरातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं.

अल्फिया काठीपाशी उभ्या राहून हातातल्या कानोशाकडे बघत होत्या. “शून्य,” त्या हळूच म्हणाल्या. “पूर्ण शून्य. माझ्या गणितात शून्य कधी येतच नाही, काका. रागाबरोबर तुम्ही...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. ऋतुजा पट्टा सोडायला लागली होती.

तेवढ्यात कानोशावर एकचा आकडा उमटला.

माळाच्या टोकाकडून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे विश्वजिततात्या मोरे काठी टेकत, शिव्या देत येत होते. मिशी थरथरत होती.

“कुटं हायत दोरकरी? यात्रा हाय का थट्टा हाय ही? आनि तू, पट्टा कशापाय सोडतीस?”

“तुमचंच खरं झालं, तात्या,” ऋतुजा म्हणाली. “व्हा खूश.”

“माजं खरं? अगं, बाईनं काठी धरनं चुकीचंच हाय! कोर्टानं धादा सांगू दे, मी शंभरदा सांगीन. देवीम्होरं सांगीन. पर काठी निस्ती पडून ऱ्हातीय आनि मान्सं पाळण्यात बसल्यात, ह्यो कुटला इचार? भांडायला तरी यायचं हुतं एकानं!” त्यांनी हातातली काठी फेकली आणि वाकून पुढचा दोर उचलला. “वकील, डावा घ्या. मिशीवर लिवलंय न्हवं लई? आता घाम गाळा. बाई, तुमी उजवा. ए कुल्फी! माघारचा दोर धर, न्हाईतर वर्दी उतरवीन!”

कुल्फी खाली पडली. ऋतुजानं काठीचा बुडखा पट्ट्यात बसवला, गुडघे वाकवले आणि पस्तीस फूट बांबू कण्हत, थरथरत आभाळात उभा राहिला.

“डावा ताण! ताण की वकील, जेवला न्हाई का? पोरी, मान ताठ. तुजा बा असा वाकत नव्हता. ह्ये चुकीचं हाय हां, ध्यानात ठेव. पाय जपून, म्होरं खड्डा हाय. लई चुकीचं हाय.”

तात्या फेरीभर ओरडत होते. एक पूर्ण फेरी झाली. दुसरीच्या सुरुवातीला ऋतुजाचा खांदा थरथरला, तसं तात्यांनीच दोर सैल करून काठी अलगद उतरवून घेतली. टाळी कुणी वाजवली नाही. पाळणे फिरत होते.

ऋतुजा आणि तात्या देवळाच्या पायरीवर शेजारी शेजारी टेकले. दोघांनाही धाप लागली होती.

“पुढल्या साली मी असंन-नसंन,” तात्या म्हणाले. “मग तुज्या आडवं कोन येनार?”

ऋतुजानं पदरानं कपाळ पुसलं.

“तात्या, बीपीचं औषिद येळंवर घेता का?”

“तू कोन इचारनार?”

“घेत जावा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्कररावांनी परिपत्रकांचा गठ्ठा माळ्यावर परत टाकला आणि लिहायला बसले. सात शाळा, वरच्या वाडीची घरी बसलेली पोरं, भेळ कालवणारे मास्तर, दवाखान्यातली अकरा माणसं, शून्य आणि एकटे तात्या. काही लपवलं नाही, स्वतःलाही सोडलं नाही. इतकं खरं त्यांनी चाळीस वर्षांच्या वकिलीत लिहिलं नव्हतं. शाईनं बोटं भरली, कान तापले. हे छापून आलं की फलक लालभडक होणार होता, आणि तो एकदाचा व्हावा अशी त्यांची इच्छा होती.

त्यांनी कागद मृण्मयीबाईंच्या हातात दिला आणि समोर बसून त्यांचा चेहरा बघत राहिले.

पहिला परिच्छेद त्यांनी सरळ बसून वाचला. दुसऱ्याला पाठ टेकली. तिसऱ्याच्या मध्यावर पदर तोंडाशी गेला.

“छान झालंय हो,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “शांत वाटलं वाचून.”

पुष्कररावांनी कागद ओढून घेतला आणि काय चुकलं ते पाहायला स्वतः वाचू लागले. दवाखान्यातल्या अकरा जणांची नावं तिसऱ्या परिच्छेदात होती. सातव्या नावापर्यंत ते पोचले, आणि त्यांनाही जांभई आली. मोठी, तोंडभर, अगदी समाधानाची.